घाऱ्या भिकूचा आजा

"घाऱ्या भिकूचा आजा बोटीवरचा गोरा. भिकूच्या आजीला पोटुशी टाकून पळाला, आणि त्याला शोधता शोधता नातू खुळावला." नाटे गावचे आमचे माजी सरपंच आबा ही कथा आजही चहाच्या टपरीवर सांगतात. या गावात इतिहास शिकविण्यात मी हयात घालवली आहे. या कथेत 'गोरा' एवढा एकच शब्द खरा आहे.

भिकू होड्या दुरुस्त करी. राही एकटाच, साहेबाच्या अवलादीला कोणी मुलगी दिली नाही. "साहेब नव्हं, आयरिश! सायबाला शिव्या घालायचा माझा आजा," हे तो होडीच्या फटीत कापूस ठोकता ठोकता कोणालाही ऐकवी. घारे डोळे दिसले की मात्र हातचे काम टाकून धावे. ग्रामपंचायतीत टीव्ही आला तेव्हा गोरे पाहायला हा सर्वांत पुढे बसला. पण त्या कृष्णधवल चित्रात डोळ्यांचा रंग दिसेना, म्हणून रागाने उठून गेला. माझ्यासारख्या कोकणस्थालाही त्याने भर बाजारात अडवले.

"मास्तर, डोळे घारे हायत तुमचे. आजा कुठला?"

"माझा आजा दशग्रंथी ब्राह्मण होता!"

"तसा नव्हं वो. आजी सांगायची, तो बोटीनं गेला. वाटंत आणखी कुठं बिऱ्हाड केलंन आसंल, तर तुमी-आमी भाऊ."

"आणि पत्ता लागला तर काय करणार आहेस?"

"इचारणार, माझ्या आजीला का टाकलीस. तो नसंल तर त्याच्या नातवाला इचारणार." मग हळूच म्हणाला, "आदी जेवायला घालीन."

गेल्या वर्षीच्या वादळात त्याच्या परसातला, आजीने लावलेला माड मुळासकट कोसळला. खालच्या वाळूत माणसाची हाडे निघाली. गळ्यापाशी पितळी क्रूस. किरिस्तावाला आमच्या मसणवट्यात जागा मिळाली नसती. म्हातारीने त्याला परसातच पुरले, वर माड लावला आणि गावाला सांगितले, बोटीने गेला. जन्मभर भिकू त्याच माडाचे नारळ खात आजाला शोधीत होता.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या ओटीवर आला.

"मास्तर, आजा कुठं गेलाच नव्हता. तुमचं-माझं काय नातं नाय. उगाच तरास दिला तुमाला."

मला सुटल्यासारखे वाटायला हवे होते. वाटले नाही. त्यानंतर त्याने कोणाच्याही डोळ्यांकडे पाहिले नाही, आणि दिवाळीआधीच तो गेला.

आबा आता म्हणतात, ती हाडे कोणा बुडालेल्या खलाशाची. म्हातारीने दया येऊन पुरली असतील. काल मी त्यांना टपरीवर सर्वांदेखत विचारले, "आबा, तुमचे वडील गेले तेव्हा आईच्या बांगड्या कुठे फोडल्या?"

"कुठं म्हंजे? बाबांच्या अंगावर. रीतच हाय ती. परक्या मड्यावर कोन फोडील?"

"मग ऐका. भिकूबरोबर ती हाडे मी स्वतः उचलली आहेत. फासळ्यांमध्ये, क्रुसाखाली, हिरव्या काचेच्या फुटक्या बांगड्या होत्या."