एका उंचीचा आरसा

घरगाडीचा उजवा आरसा देठासकट हातात आला, तेव्हा फिटरकाका क्षणभर त्यात आपलाच आ वासलेला चेहरा बघत राहिले. लेकीला उद्या सकाळी बाळंतपणासाठी दाखल करायचं होतं, त्यासाठी आज दुपारी तीनला तिच्या गावी निघायचं होतं आणि बारा तर वाजून गेले होते.

बावीस वर्षांच्या त्या गाडीत ओटा होता, पलंग होता, खिडक्यांना पडदे होते. सगळं काका-काकू दोघांचं, स्टेअरिंग मात्र एकट्या काकांचं. काकूंकडे लायसन होतं, पण "हा हत्ती आहे, तुला झेपायचा नाही," म्हणून काकांनी त्यांना कधी हात लावू दिला नव्हता.

आरशाच्या सांध्यातली गोळी पार झिजली होती. तशी दुसरी कुठं मिळेना. दुकानदाराने दोन नळ्यांचा गोंद दिला. "वीस मिनिटांत दगड होतो काका. मग गाडी मोडेल, पण सांधा हलायचा नाही."

आता ओला सांधा धरायला एक माणूस बाहेर हवा आणि बघायला एक आत. धरणं हे फिटरचं काम, यात काकांना शंकाच नव्हती.

"तू बस आत. मागचा रस्ता दिसला की सांग."

"जरा वर... अहो, एवढा नाही! खाली. थोडा बाहेर. हां, तिथंच!"

"नीट दिसतंय?"

"लांबचं कुत्रं जांभई देतंय, तेसुद्धा दिसतंय."

वीस मिनिटं काका पुतळ्यासारखे उभे. नाकावर माशी बसली तरी हलले नाहीत. मग ऐटीत आत चढले, काकूंनी पुढे ओढलेली सीट मागे सारली आणि आरशात पाहिलं.

मागचं चाक. नुसतं मागचं चाक!

"रस्ता कुठं गेला?" काकांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"मला तर दिसत होता बाई."

काका सहा फुटी, काकू त्यांच्या खांद्याला. काका सीटवरून खाली घसरले तेव्हा मागचा रस्ता दिसला, पण पुढचा गायब झाला. त्यांनी आरसा हाताने ओढला, पान्याने पिळला. अख्खी गाडी गदागदा हलली. सांधा तेवढा जागच्या जागी.

तीन वाजले. काकूंनी हात पुढे केला. "किल्ली द्या. लेक वाट बघतेय."

"अगं, फाटक अरुंद आहे, मागं भिंत—"

शेवटी किल्ली देऊन काका शेजारच्या सीटवर बसले आणि त्यांनी डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा गाडी उलटी, एका दमात, कुठंही न घासता रस्त्यावर आली होती. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने न सांगता आपलं बाकडं आत ओढलं.

"आज उशीर झाला, काकू?" असं म्हणतो तोच त्याला शेजारी बसलेले काका दिसले आणि तो घाईघाईने दुकानात शिरला.

काका काकूंकडे वळले, "उशीर... म्हणजे?"

"तुम्ही दुपारी झोपता ना, तेव्हा मी एक चक्कर मारून येते. झाली की दोन वर्षं."

"आणि आरसा?"

"जाताना माझ्या उंचीला फिरवायचा, आल्यावर तुमच्या. रोजचं." काकूंनी सफाईने गिअर बदलला. "आता ती कटकट मिटली बघा."