उजव्या खांबावरची खोबण

"आधी सिनेगॉग, मग बेकरी, मग छापखाना आणि सगळ्यात शेवटी ते दार," गाईडबाई म्हणाल्या.

"आधी दार," आजी म्हणाल्या.

जुन्या ज्यू वस्तीच्या तोंडाशी, फेरी सुरू व्हायच्या आधीच ही जुंपली होती. भोवती टोप्या घातलेले दहाबारा पर्यटक उन्हात ताटकळत होते. गाईडबाईंची फेरी म्हणजे रुळावरची गाडी. मधलं स्टेशन गाळायचं नाही, शेवटचं आधी घ्यायचं नाही. आणि आजी म्हणजे ती गाडी खेचून आपल्या दारात आणणाऱ्यातल्या.

आजी सुनेला घेऊन थेट समुद्रापलीकडून आल्या होत्या. त्यांची आई याच वस्तीत जन्मली आणि लहानपणीच इथून गेली. घराची एकच खूण तिने लेकीला सांगून ठेवली होती. दाराच्या उजव्या खांबावर एक तिरकी खोबण. ज्यू घरांत तिथे पवित्र वचनांची छोटी नळी बसवतात, मेझुझा म्हणतात तिला. येताजाता तिला हात लावायचा आणि बोटं ओठांना टेकवायची. पण आजींच्या आईचा हात वर पुरत नसे, आणि ती भोकाड पसरून घर डोक्यावर घेई. म्हणून वडिलांनी पोरीपुरती आणखी एक छोटी खोबण खाली कोरून दिली. त्या खोबणीला एकदा हात लावायचा, एवढ्यासाठी आजींनी गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं होतं.

"आहे ना! रोज दाखवते मी," गाईडबाईंनी फोनवर छातीठोकपणे सांगितलं होतं. खालची खोबण म्हणजे तलवारीचा वार, असं त्या आजवर पर्यटकांना सांगत आल्या होत्या, हे मात्र त्यांनी गिळून टाकलं.

"शेवटी ठेवलं की रंगत येते हो," गाईडबाईंनी पुन्हा समजावलं.

"माझ्या वयात शेवटी काही ठेवत नाहीत," असं म्हणून आजींनी काठी उंच केली आणि चालू लागल्या. पर्यटकांना काय, काहीतरी उंच धरलेलं दिसलं की झालं. सगळा जथा काठीमागे निघाला आणि गाईडबाई आपल्याच फेरीच्या मागून धावू लागल्या.

दारापाशी पोचल्यावर गाईडबाईंनी सवयीने उजव्या खांबाकडे बोट केलं. चौकट हिरवीगार चमकत होती. वर खोबण नाही, खाली खोबण नाही, नखाएवढा ओरखडासुद्धा नाही.

घर एका शिंप्याचं होतं. दारातच तो एका गिऱ्हाइकाच्या पँटला टाचण्या लावत होता. दोन्ही हातांत पँट आणि तोंडात डझनभर टाचण्या.

"काका, इथली खोबण कुठे गेली?" गाईडबाईंनी गटारावरच्या फळीवर उभं राहून विचारलं.

"ऊं," शिंपी म्हणाला.

"पुट्टी भरलीत? रंग लावलात?"

"ऊं ऊं!"

"बघा, कबूल करतायत," गाईडबाई जमावाला म्हणाल्या. "रोज पन्नास माणसं दाराला हात लावतात, कंटाळले असतील बिचारे. पण मी शब्द दिलाय. खोबण दाखवणार म्हणजे दाखवणार. काका, थोडा रंग खरवडला तर चालेल ना?"

शिंप्याने मान जोरजोरात हलवली. ती आडवी होती की उभी, हे बघायला गाईडबाई थांबल्या नाहीत. त्यांनी पर्समधून किल्ली काढली.

"अहो, जरा वर होती," एक टोपीवाला म्हणाला. मागच्या वर्षी येऊन गेला होता तो.

"छे छे, खांद्याजवळ," त्याची बायको म्हणाली आणि तिने केसातली पिन उपसली. कुणी नाणं काढलं, कुणी कंगवा. सुनेने नको नको म्हणत गोळ्यांच्या डबीचं झाकण दिलं. बघता बघता खांबाला पाचसहा ठिकाणी देवी आल्या. खोबण काही सापडेना, पण आता माघार घेतील तर त्या गाईडबाई कसल्या! त्या गुडघ्यावर बसून खालची शोधू लागल्या.

शिंपी एकेक टाचणी तोंडातून काढत होता. गिळली जाईल या भीतीने त्याला घाईही करता येईना. शेवटची निघाली तसा तो गरजला.

"नवीन आहे ती चौकट! कालच बसवलीय!"

सगळे हात जागच्या जागी थबकले.

"आणि जुनी?" आजींनी विचारलं. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की शिंप्याचा पारा तिथेच उतरला.

"वाळवी लागली हो, आजी. वरचं सगळं गेलं. उजवा खांब तेवढा धड होता." तो ओशाळून गटाराकडे बघत म्हणाला, "त्याची फळी केली. या बाई उभ्या आहेत ती."

गाईडबाई चटका बसल्यासारख्या बाजूला झाल्या. चौघांनी मिळून खांब उलटा केला. चिखलाखाली तिरकी खोबण होती, आणि तिच्या बरीच खाली दुसरी, बोटभर. शिंपी आत पळाला आणि बादलीभर पाणी घेऊन आला. स्वतःच्या सदऱ्याच्या बाहीने त्याने खांब पुसला.

आजी काठी टाकून खाली बसल्या. डॉक्टरांनी गुडघे वाकवायला मनाई केली होती, पण सुनेने ती आठवण करून दिली नाही. आजींनी वरच्या खोबणीकडे पाहिलंही नाही. खालच्या खोबणीत बोट ठेवलं, ओठांना लावलं आणि त्या लहान मुलीसारख्या रडल्या. गाईडबाईही रडल्या.

मग आजींनी डोळे पुसले. "हा मी नेणार."

"अहो आई, विमानात कसा न्यायचा?" सून कळवळली. "खोबणीपुरता तुकडा कापून घेऊ या ना."

"आईचं दार आहे ते, दुधीभोपळा नव्हे. विमानात मावत नसेल तर बोटीने नेऊ."

"पण मी घरी कसा जाऊ?" टाचण्या लावलेलं गिऱ्हाईक आतून ओरडलं. फळी निघाल्यावर गटार ओलांडायला उडी लागणार होती, आणि त्या पँटमध्ये उडी मारण्याची हिंमत कुणीच केली नसती.

"काढतो टाचण्या, थांबा," शिंपी म्हणाला आणि खांबाला खांदा द्यायला बाहेर आला.

"फेरी अजून संपलेली नाही," गाईडबाईंनी बजावलं. "सिनेगॉग, बेकरी, छापखाना. पैसे घेतलेत मी." तेव्हा सहा खांद्यांवर खांब, बाजूला खालच्या खोबणीत बोट घालून चालणाऱ्या आजी, मागे छत्री धरलेली सून, अशी फेरी पुढे निघाली.

सिनेगॉगपाशी दुसऱ्या कंपनीचा जथा उभा होता. त्यांच्या गाईडने ही मिरवणूक पाहिली आणि घसा साफ केला.

"नशीबवान आहात, मंडळी! हा इथला दाराचा सोहळा. वस्ती सोडून गेलेल्यांच्या लेकी परत येतात आणि आपलं दार खांद्यावरून मिरवत नेतात. शेकडो वर्षांची परंपरा आहे!"

मंडळींनी टोप्या काढल्या. एकाने पुढे होऊन हळूच खोबणीला हात लावला आणि बोटं ओठांना टेकवली. त्याच्यामागे दुसरा, मग तिसरी.

असली थाप ऐकून गाईडबाईंनी ती खोडायला तोंड उघडलं. इतक्यात त्यांची नजर आजींकडे गेली. आजी ताठ उभ्या होत्या आणि येणाऱ्या प्रत्येकाकडे घरच्या यजमानिणीसारख्या मान डोलवत होत्या.

"दर वर्षी असतो का हो हा?" कुणीतरी विचारलं.

"दर वर्षी," गाईडबाई ठामपणे म्हणाल्या. "रांगेत या. आणि वरच्या खोबणीलाच हात लावा. खालची घरच्यांची आहे."