शेवटच्या बदामाखालची चावी

अख्खा

वॉफलच्या बाबतीत मला हरवणारा माणूस अख्ख्या हेर्नोसांद गावात नाही, हे मी आधीच सांगून टाकतो! म्हणजे मागून गैरसमज नको. जे काही बिघडलं, ते वॉफलमुळे बिघडलं नाही. वॉफल उत्तमच झाले होते. तेच तर नडलं!

पंचवीस मार्च हा वॉफलचा दिवस. आमच्या इमारतीत त्या दुपारी सगळे तळघराशेजारच्या सामायिक खोलीत जमतात. आजवर वॉफल भाजायचा साचा सांभाळायची ती बार्ब्रो. यंदा ती बर्फावर घसरली आणि मनगट प्लॅस्टरमध्ये घालून बसली. "आता वॉफल कोण करणार?" असं अध्यक्ष एगॉनने सभेत विचारलं, तेव्हा सगळे आपापल्या बुटांच्या नाड्या तपासू लागले.

मी हात वर केला.

सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू अंगणातल्या बर्फाच्या बाहुल्यानेच हात वर केलाय.

"तोर्द, तुला येतात?" एगॉन.

"डोळे मिटून!" मी.

समाजसेवा वगैरे काही नव्हती हो. कारण एकच होतं: सोलवेग. ती पहिल्या मजल्यावर राहते, मी तिसऱ्या. सहा वर्षं आमचं जमलंय. रविवारी जेवण तिच्याकडे, बुधवारी माझ्याकडे, आणि नऊ वाजले की ज्याने त्याने आपापल्या घरी. मध्ये अडतीस पायऱ्या. मला त्या पायऱ्या नको होत्या. तिने माझ्याकडेच राहायला यावं, एवढंच म्हणायचं होतं. पण म्हणायला तोंड उघडलं की आतून हवामानाचा अंदाज बाहेर पडायचा. "सोलवेग, मला वाटतं… उद्या बर्फ पडेल." सहा वर्षं!

म्हणून बेत केला. माझ्या घराची नवी चावी बनवून आणली. आमचा वॉफल म्हणजे पाच पाकळ्यांचं फूल, प्रत्येक पाकळी पत्त्यातल्या बदामासारखी. ठरवलं की शेवटचा एक बदाम बशीत ठेवायचा, त्याखाली चावी, वर फेटलेल्या सायीचा डोंगर. आमच्याकडे ताटातला शेवटचा तुकडा उचलणारा माणूस अजून जन्माला यायचाय. बँकेच्या तिजोरीत चावी एवढी सुरक्षित राहणार नाही! सगळे गेले की भांडी धुवायला मी आणि सोलवेग दोघंच. तेव्हा म्हणायचं, "घे ना, तूच घे." ती बदाम उचलेल, खाली चावी दिसेल, आणि मला एक शब्दही बोलावा लागणार नाही.

आठवडाभर घरी सराव केला. बुधवारी सर्दीचं निमित्त सांगून सोलवेगला वर येऊ दिलं नाही. का, ते पुढे कळेल.

अर्धा

हिशेबाप्रमाणे बारा माणसं तुडुंब जेवून बशीत एक बदाम उरायला हवा होता. उरला. पण माणसं तुडुंब झाली नव्हती!

"तोर्द, काय कुरकुरीत झालेत रे!" प्लॅस्टरच्या हातानेही बार्ब्रोने सात बदाम संपवले होते. "माझे असे कधी झाले नाहीत."

"आहे का अजून पीठ?" इंगवेने विचारलं. हा आमचा निवृत्त गणिताचा मास्तर.

"संपलं," मी म्हणालो.

बारा जणांचे डोळे टेबलाच्या मधोमध गेले. तिथे माझा बदाम सायीखाली शांत झोपला होता. बाजूला पिवळ्या रानबेरींचा मुरांबा.

"घ्या ना कुणीतरी," एगॉन म्हणाला.

"छे छे, तूच घे."

"माझं झालं बाई. सोलवेग, तू घे."

"मी? मी तर सगळ्यांत जास्त खाल्लेत," सोलवेग म्हणाली. धडधडीत खोटं. तिने चारच खाल्ले होते. मी मोजत होतो.

मी साच्यापाशी उभा राहून मनातल्या मनात टाळ्या वाजवत होतो. असंच चालू द्या! अजून दहा मिनिटं आग्रह करा आणि घरी जा!

"बरं," इंगवे म्हणाला, "मी अर्धाच घेतो."

माझ्या टाळ्या थांबल्या. शेवटचा तुकडा कुणी घेत नाही हे मी लक्षात ठेवलं होतं. शेवटच्या तुकड्याचा अर्धा तुकडा मात्र सगळेच घेतात, हे साफ विसरलो. खरं तर गेल्या वर्षी तो मीच घेतला होता!

मास्तरने सुरी अशी चालवली, जणू फळ्यावर लंब काढतोय. नशीब, त्याने डावी बाजू घेतली. चावी उजवीकडे होती.

पाव

"मग आता तो अर्धा शेवटचा झाला," बार्ब्रो म्हणाली. "तो कसा घ्यायचा? मी त्यातला अर्धा घेते."

"बार्ब्रो, तुझा हात…" मी ओरडलो.

"डावा चांगला आहे माझा!" म्हणत तिने कडेचा पाव कापून घेतलाही. चावी थोडक्यात वाचली.

बशी उचलून पळावं का? पण पळालो असतो तर उरलेलं आयुष्य मी 'शेवटचा बदाम पळवणारा तोर्द' म्हणून काढलं असतं. त्यापेक्षा गाव सोडलेलं बरं. मी भराभर साय आणली आणि उरलेल्या तुकड्यावर ओतली. मग आणखी ओतली.

"अरे, तुकड्यापेक्षा साय जास्त झाली!" एगॉन म्हणाला. "थांब, मी थोडी काढतो. आणि तुकड्यातला अगदी जरासा."

टंग्!

सुरी कशावर तरी आपटली. एगॉनने चष्मा वर केला, साय बाजूला सारली. पांढऱ्याशुभ्र डोंगरातून माझी नवीकोरी चावी बाहेर आली.



इथे एक चिठ्ठी वाचावी लागेल. तेव्हा ती जिन्यात चिकटवलेली होती. आमच्याकडे भांडण असंच करतात, कागदावर आणि नाव न घालता:

*धुलाईखोलीची चावी ज्या कुणाला घरी जपून ठेवावीशी वाटली, त्याने ती खुंटीवर परत लावावी. आपण सगळे प्रौढ आहोत. तीन आठवडे टबात चादरी तुडवून माझे पाय मात्र म्हातारे झाले आहेत. लोभ असावा. — एक शेजारी*

अकरा जणांनी चावीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

नवटाक

"तोर्द," एगॉन अगदी हळू म्हणाला. आमच्याकडे माणूस जितका हळू बोलतो तितका जास्त चिडलेला असतो. "पश्चात्ताप झाला म्हणून वॉफलखाली लपवून परत करत होतास का?"

"ती चावी ती नाही!"

"मग कसली आहे?"

मी तोंड उघडलं. "मला वाटतं… उद्या बर्फ पडेल."

"लावून बघूया!" बार्ब्रो उठलीच.

मिरवणूक निघाली. पुढे एगॉन, रुमालात सायीने माखलेली चावी. मागे आम्ही अकरा. धुलाईखोलीच्या कुलपात चावी शिरेना. (ती हरवलेली चावी पुढे एगॉनच्याच स्कीच्या जाकिटात निघाली. त्याबद्दल मात्र चिठ्ठी लागली नाही.)

"म्हणजे कुणाच्यातरी घराची आहे!" बार्ब्रो म्हणाली. "हा दुसऱ्यांच्या घरांच्या चाव्या बनवतो!"

"अगं, मी काय चोर आहे?"

"ते कुलूप सांगेल," इंगवे म्हणाला. "एकेक दार तपासायचं. तळापासून. पद्धतशीर."

पहिला मजला, चार दारं, नाही. सोलवेगच्या दारापाशी सगळे माना लांब करून पुढे सरकले. तिथेही नाही. दुसरा मजला, नाही. तिसरा. एगॉनने माझ्या दाराला चावी लावली.

खट्!

"ही तर तुझीच!" एगॉनचा आवाज एकदम मोठा झाला, म्हणजे राग गेला. "स्वतःच्या घराची चावी वॉफलमध्ये कशाला लपवलीस, मूर्खा?"

जिन्यात बारा माणसं. खाली जावं तर सात जण आडवे, वर गच्ची. आणि समोर सोलवेग, ओठाला मुरांबा लागलेली.

"ती हिच्यासाठी होती," मी म्हणालो. "सोलवेग, तू… इथे राहायला येशील का? कायमची?"

सहा वर्षं अडकलेलं वाक्य! अखेर बाहेर पडलं, तेही सर्व शेजाऱ्यांच्या साक्षीने.

सोलवेग काही बोलायच्या आत बार्ब्रो म्हणाली, "म्हणजे पहिल्या मजल्यावरचं घर रिकामं होणार? माझे गुडघे गं…"

"बाल्कनी आहे ना त्याला?" इंगवे.

"थांबा! थांबा!" एगॉनने हात उंचावला. "हा इमारतीचा विषय झाला. सोलवेगने तोर्दकडे राहायला जावं. बाजूने?"

अकरा हात वर. त्यात माझाही होता, लपवत नाही.

"विरोधात?"

कुणी नाही.

"तटस्थ?"

सोलवेगने हात वर केला.

छटाक

सगळे खाली गेले. सोलवेग मात्र उभी राहिली. मग ती आत आली, दारात बूट काढले आणि स्वयंपाकघरात जाऊन वर बघत राहिली.

छताला पीठ चिकटलं होतं. बरंच. सरावाच्या पहिल्याच दिवशी मी फिरता हातमिक्सर भांड्याबाहेर उचलला होता.

"तोर्द," ती हळू म्हणाली.

फार हळू म्हणाली.

"हे वाळून दगड झालंय. शिडी आण. मी राहायला आलेले नाही, समजलं? हे साफ करायला आलेय. नंतर विचार करून सांगेन."

कण

आता ऑगस्ट चाललाय. छत चकचकीत आहे. सोलवेगचा विचार अजून चालू आहे. दरम्यान माझ्या कपाटातले चार कप्पे गेले, आरामखुर्ची गेली, पलंगाची खिडकीकडची बाजू गेली. खाली पहिल्या मजल्यावर, सोलवेगच्या घरात, बार्ब्रो पडदे लावतेय.

मी काही विचारत नाही. विचारलं, तर ती ठरवेल ना!