सवतीच्या पोटातलं पाणी

बाबा गेले तेव्हा घरात दोन विधवा उरल्या. एक आई आणि दुसरी मागच्या शेडमध्ये विटांवर उभी असलेली त्यांची जुनी गाडी. आई तिला पहिल्यापासून सवत म्हणायची. खरं पाहता बाबांनी गाडी लग्नाच्या आदल्या वर्षी घेतली होती, म्हणजे सवत आईच ठरत होती. पण हा मुद्दा मांडायची हिंमत घरात कोणाचीच झाली नाही. बाबांची एकूण एक सुट्टी त्या गाडीखाली गेली. जेवायला हाक मारली की गाडीखालून दोन पाय हलायचे आणि उत्तर यायचं, "आलोच, एक नट राहिलाय." तो नट शेवटपर्यंत राहिला.

बाबा गेल्यापासून आई रडली नव्हती. तिला स्वतःला याचं काही वाटत नव्हतं, त्रास ताईला होत होता. ताई दर शनिवारी नवऱ्याला घेऊन माहेरी यायची ती आज आईला रडवायचंच असा निश्चय करून. तिने जुने फोटो काढले. आईने ते ओल्या फडक्याने पुसून परत कपाटात ठेवले. तिने मोबाईलमधलं बाबांचं बोलणं लावलं. आई म्हणाली, "आवाज कमी कर, शेजारचे झोपले असतील." शेवटी ताईच हुंदके द्यायला लागायची, आई तिला पाणी आणून द्यायची आणि भावोजी एवढा वेळ भिंतीवरच्या घड्याळाकडे आदराने बघत बसायचे.

अशात एके दिवशी आईने जाहीर केलं, की गाडी घालवा. मागचं दार उघडलं की ती समोर दिसते.

"विकायची?" ताईच्या पाठच्या धाकट्याने विचारलं.

"विक, भंगारात दे, फुकट दे. मला ती दिसायला नको."

बाबांचे कपडे ताईने आधीच वाटून टाकले होते. चष्मा डोळ्यांच्या दवाखान्यातल्या दानपेटीत गेला होता. आता गाडीही गेली म्हणजे बाबांचं असं काहीच उरलं नसतं आणि धाकट्याला नेमकं तेच सोसवत नव्हतं. त्याने आईशी तह केला. गाडी नीट करून तिला एकदा एक चक्कर मारून आणायची, मग ती म्हणेल तसं. आई लगेच हो म्हणाली, कारण गाडी चालू होईल यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. धाकट्याचा हिशोब वेगळा होता. आई एकदा आपल्या जागेवर बसली की घालवा म्हणणार नाही, असं त्याने मनाशी धरलं होतं.

इंजिन एका ओळखीच्या माणसाने चालू करून दिलं. खरा रोग खाली होता. धाकटा गाडीखाली शिरला तेव्हा वर बघताना गंजाचे पापुद्रे त्याच्या तोंडावर पडत होते. पुढचे कित्येक रविवार तो तारेच्या ब्रशने पत्रा खरवडत होता. सगळ्यात वाईट दशा चालकाच्या दाराची होती. बाबा असतानाही ते दार दर थोड्या वर्षांनी खालच्या कडेला कुजायचं आणि बाबा त्याला नवा तुकडा जोडून घ्यायचे. बाकीची तिन्ही दारं ठणठणीत. बाबा म्हणायचे, इथली हवा दमट आहे. हवा एकाच दारापाशी दमट कशी, हे कोणी विचारलं नाही. मोठ्या माणसांना कोण विचारतं?

गंज निघाल्यावर धाकट्याने तांबडा प्रायमर मारला आणि वर रबरासारखा काळा जाड लेप द्यायला घेतला. लेप देताना त्याला भोकं दिसली. दारांच्या खालच्या कडेला, उंबऱ्यासारख्या पोकळ पट्टीला, जागोजागी बारीक भोकं.

आता धाकट्याचा धंदा काय होता हे सांगायला हवं. तो गळत्या बंद करायचा. गच्च्या, टाक्या, न्हाणीघरं. आसपासचे लोक त्याला गळतीवाला म्हणत आणि त्याचा त्याला अभिमान होता. ज्याने आयुष्यात भोक दिसलं की आधी बुजवलं आणि मग गिऱ्हाइकाला चहा मागितला, त्याच्यासमोर गाडीने ही एवढी भोकं मांडून ठेवली. त्याने प्रत्येक भोकात लांबी भरली, अंगठ्याने दाबली, वरून लेपाचे दोन हात दिले. इतकं मन लावून काम त्याने कोणाच्या गच्चीवरही केलं नव्हतं. बाबांच्या छातीचं काही करता आलं नव्हतं. हे करता येत होतं.

चकरेच्या दिवशी सकाळी भावोजी गाडी धुतो म्हणाले. सासुरवाडीत उपयोगी पडायची संधी त्यांना सहसा मिळत नसे, त्यामुळे ते ती सोडायला तयार नव्हते. त्यांनी नळी लावली आणि काचांवरून, टपावरून पाण्याची धार धरली ती धरलीच. काचा जिथून वर सरकतात तिथली रबरं केव्हाच वाळून तडकली होती. पाणी काचेवरून ओघळून तिथून दाराच्या पोटात उतरत होतं आणि धाकटा खाली वाकून समाधानाने बघत होता.

"बघा भावोजी, एवढं पाणी मारलंत, खाली एक ठिपका नाही."

"कमाल आहे," भावोजी म्हणाले आणि त्यांनी नळ आणखी मोठा केला.

आई नवी चप्पल घालून आली. पुढे आपल्या जागेवर बसली, पर्स मांडीवर घेतली आणि समोर बघू लागली. ताई आणि भावोजी मागे. ताईने हातरुमाल काढून तयारच ठेवला होता. गाडी सुरू झाली, शेडमधून निघाली, रस्त्याला लागली. धाकट्याने चोरून आईकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

पहिल्या वळणावर आवाज आला. डुबुक.

"काय वाजलं?" आईने विचारलं.

"पेट्रोल," धाकटा म्हणाला.

दुसऱ्या वळणावर आवाज या दारातून त्या दारात गेला. ताईने विचारलं, की पेट्रोल दारात कधीपासून भरतात. धाकट्याने गिअर बदलला. आई समोर बघतच म्हणाली, "हे म्हणायचे, या गाडीत पोटातलं पाणी हलत नाही."

धाकट्याने गाडी बाजूला घेतली, उतरला आणि खाली डोकावला. मागच्या बाजूला एका जागी टिप टिप चाललं होतं. एक भोक नजरेतून सुटलं होतं. त्याने विचार केला तो धंद्यातला होता, की आत पाणी आहे, म्हणजे ते याच भोकातून शिरलं. त्याने डिकीतून लांबी काढली आणि तेही बुजवलं. टिपटिप थांबली. एरवी इथे गिऱ्हाईक खूश होऊन पैसे देतं.

पुढच्या चौकात एक सायकलवाला आडवा आला आणि धाकट्याने ब्रेक दाबला. गाडी थांबली. पाणी थांबलं नाही. ते पत्र्याच्या सांध्यांमधून वर आलं, मॅट उचलून तरंगवली आणि आईच्या नव्या चपलेवरून पुढे गेलं. मागे भावोजींनी पाय वर घेतले आणि मांडी घालून बसले. धाकट्याने गाडी एका बंद गोदामाच्या भिंतीशी नेऊन उभी केली. त्याला कळून चुकलं, की ही पहिली आणि शेवटची चक्कर.

आई उतरली. चपलेतलं पाणी ओतलं. मग गाडीला वळसा घालून चालकाच्या दाराशी आली, वाकली आणि दारावर बोटाच्या पेराने वाजवू लागली. वरून खाली, थोड्या थोड्या अंतरावर.

ते धाकट्याने कुठे पाहिलं होतं, हे त्याला लगेच आठवलं. शेवटच्या दिवसांत बाबांच्या छातीत पाणी झालं होतं. डॉक्टर त्यांच्या पाठीवर असंच वाजवत खाली यायचे आणि आवाज बदलला की म्हणायचे, इथपर्यंत आहे. पहिल्या दिवशीच त्यांनी सिगारेटचं विचारलं होतं. बाबांच्या आधी आईने मान ताठ करून सांगितलं होतं, की केव्हाच सोडली, मुलीच्या जन्माच्या वेळी. डॉक्टरांनी बाबांकडे बघितलं. बाबांनी छताकडे बघितलं.

आईचं बोट दाराच्या मध्यावर थांबलं.

"इथपर्यंत आहे," ती म्हणाली. "काढायला लागेल."

"आई, लेप फुटला तर परत गंज..."

"काढ म्हणते ना."

धाकटा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन रस्त्यावर उताणा झाला. आईने दारावर तळहात ठेवला.

"हलू नका," ती हलक्या आवाजात म्हणाली. "जरासं दुखेल. झालंच आता."

गाडीला टेकून उभे असलेले भावोजी श्वास रोखून ताठ झाले.

लांबी निघाली आणि पाण्याची धार सुटली. कोऱ्या चहासारखी, गर्द तपकिरी. धार मध्येच अडली. धाकट्याने भोकात टोक घालून फिरवलं, तर एक ओला बोळा बाहेर आला आणि त्याच्या छातीवर पडला. सिगारेटचं थोटूक. मग दुसरं. दाराची तळपट्टी आधीच कुजलेली होती, ती पाण्याच्या ओझ्याने उकलली आणि थोटकांचा ढीगच्या ढीग भसकन खाली आला. खालची थोटकं काळा लगदा झाली होती. वरची नुसती भिजलेली होती. त्यांच्यावरची सोनेरी पट्टीसुद्धा शाबूत होती.

कोणाला काही समजवायची गरज नव्हती. बाबा गाडीखालून निघून आत बसत, काच खाली घेऊन ओढत आणि थोटूक काचेच्या फटीतून दाराच्या पोटात सोडून देत. ते तिथे ओल धरून बसे आणि पत्रा खाई. दमट हवा ती ही.

आईने एक थोटूक उचललं. बराच वेळ बघितलं.

"एक नट राहिलाय म्हणे," ती म्हणाली.

मग तिचा बांध फुटला. "मी ताट झाकून बसायचे. वास यायचा मला, येत नव्हता असं नाही, मी म्हणायचे सवतीचा वास असेल. आणि वर त्या डॉक्टरला मी सांगितलं. मी सांगितलं. तुम्ही तोंड शिवून वर बघत पडलात." प्रत्येक वाक्यागणिक ती दारावर ओली चप्पल मारत होती. चप्पल तुटली तेव्हा ती गाडीच्या पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली, हमसून हमसून, भर रस्त्यात.

ताई ज्याची इतके महिने वाट बघत होती ते समोर घडत होतं आणि तिला काय करावं सुचेना. तिने सवयीने पाण्याची बाटली पुढे केली.

"पाणी नको आता," भावोजी हळूच म्हणाले. त्या घरात त्यांनी केलेली ही पहिली योग्य सूचना होती.

परत येताना गाडीत कसलाच आवाज नव्हता. शेडमध्ये उतरल्यावर धाकट्याने घसा खाकरून विचारलं, की गाडी मग कोणाला द्यायची.

"कोणाला नाही," आई म्हणाली. "माझं बोलून झालेलं नाही अजून."

ती आता संध्याकाळी शेडमध्ये जाते, आपल्या जागेवर बसते आणि काच वर करून घेते. बाहेर शब्द ऐकू येत नाहीत, पण हातवाऱ्यांवरून विषय कळतो.

धाकट्याने दाराला नवा तुकडा जोडला, पाणी उतरायची सगळी भोकं मोकळी केली आणि ती सोडून नव्याने लेप द्यायला घेतला. भोक दिसूनही पुढे जायचं हे त्याला फार जड जातं, त्यामुळे काम सावकाश चाललं आहे. रविवारी तो गाडीखाली असतो. जेवायला हाक येते. त्याचे पाय हलतात आणि तो "आलोच, एक नट राहिलाय" म्हणतो. ते तोंडून निघून गेल्यावर त्याच्या लक्षात येतं.

आई शेडच्या दारात येऊन उभी राहते.

"बाहेर ये. हा कर."

धाकट्याचे कल्ले पांढरे व्हायला लागलेत, पण तो मुकाट्याने तोंड उघडतो. आई वाकून वास घेते.

"नाही येत," ती म्हणते आणि तरी आणखी एकदा हुंगून बघते.