थोरल्या बोंबेलांची पेरणी

एका जंगलात एक अस्वल राहत होते. अस्वल जंगलात नाही तर काय सोसायटीत राहणार, असे मध्येच म्हणू नका. हल्ली काही सांगता येत नाही.

अस्वलाचे नाव सुभानराव. बायकोचे नाव गिरजाक्का. लेकीचे नाव भिमी. घरात माणसे एवढी तीनच. अस्वलांना माणसे कशी म्हणता, असे ज्याला वाटले त्याने हात खाली करावा.

त्यांची टेकडीच्या पोटात गुहा होती आणि गुहेसमोर मोहाचे झाड होते. हे झाड नीट ध्यानात ठेवा बरं का, बाळांनो. सगळी गोष्ट त्याच्यावर आहे. चैत्रात पहाटे मोहाची फुले टपाटप गळायची. गोड, रसाळ. पोटभर खायची, उरलेली वाळवून ठेवायची. त्या दिवसांत जंगलात दुसरे काही मिळत नसे. ज्याच्या दारी मोह, त्याचे पोट भरलेले. ज्याच्या दारी नाही, त्याने नातेवाइकांकडे जावे, दोन फुले खावीत आणि चार शब्द ऐकावेत.

झाड कोणाचे, हे ठरवायची रीत साधी होती. बुंध्यावर ज्याचा ओरखडा, त्याचे झाड. सुभानरावांच्या मोहावर आजोबांचा ओरखडा होता, वडिलांचा होता आणि त्यांचा स्वतःचाही होता.

सगळे बरे चालले होते. मग एके दिवशी आबासाहेब गव्याने सगळ्यांना बांबूच्या बेटात बोलावले. तिथे एका दगडावर एक काळपट-सोनेरी मुलगी उभी होती. हातभर उंच. तिच्या मनगटावर कबुतर बसले होते. ती त्याला दाणा भरवत होती. शंभर वर्षे भरवत होती, कबुतराने अजून खाल्ला नव्हता.

"हा बोंबेल," आबासाहेब म्हणाले.

"बोंबील?" रानडुकराने विचारले.

"बोंबेल! फ्रान्स देशातलं घराणं आहे. सगळे मूर्तिकार. ही त्यांच्यातल्या धाकट्या मुलाच्या हातची."

सगळे "वा" म्हणाले. बोंबेल म्हणजे काय हे न कळूनही रानडुक्कर दोनदा म्हणाले. सुभानरावही "वा" म्हणाले आणि त्यांच्या पोटात दुखायला लागले. घरी येऊन त्यांनी गिरजाक्कांकडे ओवा मागितला. पण हे दुखणे ओव्याचे नव्हते.

जंगलाच्या कडेला एका राजेसाहेबांची शिकारकोठी होती. राजेसाहेबांना वाघ कधी मिळाला नाही, म्हणून त्यांनी कोठी पुतळ्यांनी भरली. पुढे ते यायचे बंद झाले. कोठीच्या माळ्यावर उदाजी नावाचे उदमांजर राहायचे. पुतळे आपल्याकडे वारसाने आले, असे उदाजी सांगायचा. कोणाच्या वारसाने, हे कोणी विचारले नाही. पुतळे बघायला गेलेला प्राणी असले प्रश्न विचारत नाही.

सुभानराव दुसऱ्या दिवशी सकाळीच कोठीवर गेले.

"आबासाहेबांकडे आहे तसला एक द्या," ते म्हणाले.

"एक?" उदाजीने मिशा साफ केल्या. "सुभानराव, एक तर कोणीही ठेवतं. ते पाच जणांचं घराणं आहे. बाप, तीन मुलगे आणि नातू. आबासाहेबांकडे धाकटा आहे. धाकटा तो धाकटाच. तुमच्यासारख्याकडे घराणं पाहिजे."

'तुमच्यासारख्याकडे' हा शब्द सुभानरावांना फार आवडला. त्यांनी मधाची दोन पोळी देऊन मोठ्या मुलाची दिवा धरलेली बाई घेतली. दोन पोळी देऊन मधल्याचा मासे धरणारा पोरगा घेतला. धाकट्याची एक हंस घेतलेली मुलगी घेतली. नातवाचे एक पंखांचे बाळ घेतले. ते घड्याळावर बसले होते. घड्याळाला काटे नव्हते, पण बाळ वेळेवर बसल्यासारखे दिसत होते.

पुतळ्यांच्या पायाशी काही खरडलेले होते. ते वाचायला राघूला बोलावले. राघू पूर्वी राजेसाहेबांच्या पिंजऱ्यात होता. त्याला सगळी अक्षरे वाचता यायची आणि एकाचाही अर्थ कळायचा नाही, म्हणून जंगलात त्याला विद्वान म्हणत.

"बोंबेल फीस," राघूने मोठ्या मुलाचा पुतळा वाचला.

बाळांनो, फ्रान्सकडे 'फीस' म्हणजे मुलगा. पण फ्रान्स कुठे आणि आपण कुठे!

"फीस म्हणजे फीच," उदाजी लगेच म्हणाला. "ती वेगळी. लिहिलेलंच आहे, मी काय करू?" आणि त्याने आणखी एक पोळे घेतले.

खरे-खोटे करायला तांबट पक्षी होता. त्याने जन्मात तांबे पाहिले नव्हते. तो वडाउंबराची फळे खायचा आणि दिवसभर टुक-टुक करायचा. पण नावाने तांबट. मग धातूतले त्याला कळणार नाही तर कोणाला? तो दिवेवाल्या बाईच्या डोक्यावर बसला आणि म्हणाला, "टुक."

"म्हणजे काय?" सुभानरावांनी विचारले.

"तज्ज्ञ एवढंच बोलतात," उदाजी म्हणाला.

गुहेत पुतळे मांडले तेव्हा गिरजाक्का बराच वेळ बघत राहिल्या.

"अहो, ही बाई अशी उघडी का?"

"कला आहे ती."

"असेल. पण थंडी कलेला विचारून येते का?" त्यांनी बाईला पळसाचे पान गुंडाळले. सुभानरावांनी ते काढले. त्यांनी पुन्हा गुंडाळले. भिमीने मासेवाल्या पोराच्या माशाला चावून बघितले आणि रडायला लागली. तेव्हापासून भिमी गुहेच्या तोंडाशी झोपायची आणि पुतळे आत झोपायचे.

एकदा सुभानरावांची पाठ खाजली. सवयीने त्यांनी ती दिवेवाल्या बाईला घासली. बाईच्या कोपराचा सोनेरी रंग निघाला आणि आतून पांढरट काहीतरी दिसले. सुभानराव घाबरून उदाजीकडे गेले. उदाजी म्हणाला, "आत चांदी असणार." तांबट म्हणाला, "टुक." सुभानराव निश्चिंत झाले.

ज्येष्ठ लागला. मोहाची फुले संपली होती, फळेही झडत आली होती. तेव्हा उदाजी घरी आला. चार पुतळ्यांसमोर उभा राहून त्याने मान हलवली.

"काय झालं?" सुभानरावांनी विचारले.

"बोलू नये, पण बोलतो. घरात तीन मुलगे, एक नातू. आणि बापाचा पत्ता नाही! पाव्हणे आले तर काय म्हणतील? बिनबापाची पोरं!"

सुभानरावांचे कान लाल झाले. अस्वलाचे कान केसांत असतात म्हणून ते कोणाला दिसले नाहीत. ही गोष्ट त्यांच्या ध्यानात कशी आली नव्हती? बापाशिवाय कसले घराणे? आबासाहेबांनाही हे कळले असणार. मागच्या आठवड्यात ते उगाच हसले होते.

"थोरले बोंबेल तुमच्याकडे आहेत?"

"एकच आहे. वसंत ऋतूची बाई. टोपलीभर फुलं घेतलेली. मधावर नाही द्यायची ती." उदाजीने बाहेर बघितले. "तो मोह द्या."

गिरजाक्का आतून धावत आल्या. "अहो, असं काही करू नका! पोरगी चैत्रात काय खाईल? पुतळ्याच्या टोपलीतली फुलं?"

"चैत्राला दहा महिने आहेत," सुभानराव म्हणाले. "पाव्हणे उद्याही येतील."

त्यांनी स्वतःच्या नखांनी बुंध्यावरचे ओरखडे खरवडून काढले. आधी स्वतःचा. मग वडिलांचा. आजोबांचा फार खोल होता, त्याला वेळ लागला. तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते, पण त्यांनी हात थांबवला नाही. मग उदाजीने आपली बारीकशी रेघ ओढली.

थोरल्यांची बाई घरी आली. राघूने तिच्या पायाशी चोच नेली.

"बोंबेल पेर."

"पेर?"

"पेर. स्वच्छ लिहिलंय."

आता फ्रान्सकडे 'पेर' म्हणजे बाप, बाळांनो. नावापुढे 'पेर' लिहिले की हे मुलाचे नव्हे, बापाचे काम, एवढेच सांगायचे असते. पण जंगलात पेर म्हणजे पेर. दुसरे काय असणार?

सुभानराव हात जोडून उभे राहिले. "गिरजे, ऐकलंस? थोरल्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय. मुलांच्या पुतळ्यांवर नाही, फक्त यांच्या. एकाचे शंभर होतील! आबासाहेबांच्या तोंडाला फेस येईल!"

"मोह गेला, आता अक्कलही चालली," गिरजाक्का म्हणाल्या.

पाऊस होऊन जमीन मऊ झाली होती. सुभानरावांनी गुहेसमोर खड्डा खणला. टोपलीवाल्या बाईला त्यात निजवले. भिमी शेजारी मोहाच्या बियांनी खेळत होती. आपल्या झाडाच्या शेवटच्या बिया होत्या त्या. गिरजाक्कांनी त्यातली एक उचलली.

"खड्डा खणलाच आहे, तर वाया कशाला घालवायचा?" असे म्हणून त्यांनी ती बी बाईच्या उशाशी टाकली. सुभानरावांनी माती लोटली. बी त्यांनी बघितली होती. पण बी कसली बघायची? तिच्यावर सही नव्हती.

महिन्याभराने मातीतून एक कोंब आला. त्याला दोन पाने होती.

"उगवले! थोरले उगवले!" सुभानराव नाचायला लागले.

"अहो, हा मोह आहे. मी नाही का बी टाकली? तुमच्यासमोर टाकली."

"बोंबेल आहे!"

"पानं बघा की!"

"थोरल्यांना पानं करता येत नव्हती असं वाटतं का तुला?"

भांडण मिटवायला तांबटाला बोलावले. कोंबावर बसायला जागा नव्हती, म्हणून तो शेजारच्या दगडावर बसला. त्याने मान वाकडी करून बघितले आणि म्हणाला, "टुक."

झाले. मग आबासाहेब आले, रानडुक्कर आले, सगळे जंगल आले. सगळे "वा" म्हणाले. कोंबाभोवती वेलींचे कुंपण झाले आणि राघूने झाडाच्या सालीची पाटी टांगली : 'हात लावू नये.'

चैत्र आला. समोरच्या मोहाखाली उदाजी पहाटेपासून मचमच खात बसला. गिरजाक्कांनी भिमीचा हात धरला आणि डोंगरापलीकडे माहेरी गेल्या. भावजय दारातच म्हणाली, "या वन्सं. मोह फुलला की आमची आठवण येते बाई तुम्हाला." गिरजाक्कांनी मान खाली घालून भिमीला खायला घातले.

असे दहा चैत्र गेले. दहा वेळा डोंगर चढल्या, दहा वेळा तेच ऐकले. पण दरवर्षी परत आल्यावर त्या आधी कुंपणाशी जायच्या आणि झाडाची उंची बघायच्या. आणखी दोन वर्षे, असे स्वतःशी म्हणायच्या. मग आणखी एक. त्या झाडाला पाणी त्याच घालायच्या. सुभानराव त्याची धूळ पुसायचे.

अकराव्या चैत्रात झाड फुलले.

पहिली फुले गळली त्या पहाटे गिरजाक्का आणि भिमी पानांचे द्रोण घेऊन बाहेर आल्या. सुभानराव कुंपणाच्या आत हात पसरून उभे होते. बाहेर सगळे जंगल बघायला जमले होते.

"मागे व्हा! हात लावायचा नाही!"

"अहो, आपलं झाड आहे ते. यंदा माहेरी जायला नको. दहा वर्षं ऐकून घेतलं मी. पोरीला दोन फुलं खाऊ द्या."

"ही फुलं नाहीत. थोरल्यांचं काम आहे. टोपलीत होती तीच आहेत, बघ."

गिरजाक्का रडल्या. सगळ्या जंगलासमोर रडल्या. रडणे ऐकून उदाजी समोरच्या मोहाखालून उठून आला. त्याने झाड खालून वर बघितले, जमलेली गर्दी बघितली. मग सावकाश म्हणाला, "सुभानराव, अदलाबदल करता? हे बोंबेलाचं झाड मला द्या. तुमचा जुना मोह परत घ्या. कोठीतले उरलेले सगळे पुतळेही घ्या."

"घ्या हो!" गिरजाक्का ओरडल्या. "देव पावला! घ्या!"

भिमीनेही हात जोडले. सुभानरावांनी समोरच्या मोहाकडे बघितले. आजोबांचा ओरखडा खरवडला होता तिथे बुंधा अजून उघडा होता.

"छे," ते म्हणाले. "मोह काय, कुठेही उगवतो. बोंबेल जगात एकच."

गिरजाक्कांनी द्रोण खाली ठेवला. भिमीचा हात धरला. दरवर्षी त्या जाताना सांगायच्या, मिरगाला येते म्हणून. यंदा काही न बोलता गेल्या.

सगळे पांगल्यावर सुभानराव झाडाखाली एकटेच बसले. वरून एक फूल गळले आणि नेमके त्यांच्या नाकावर पडले. अस्वलाची जीभ ती. मालकाला न विचारता बाहेर आली आणि फूल आत घेऊन गेली.

सुभानरावांनी डोळे मिटले. वडिलांबरोबर पहाटे वेचलेली फुले त्यांना आठवली. आई आठवली. चार पायांवर लुडबुडत येणारी भिमी आठवली. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागले.

"वा!" ते म्हणाले. "काय हात आहे थोरल्यांचा! अगदी मोहासारखी चव उतरवली आहे."

तात्पर्य : पेराल तसे उगवते, असे म्हणतात. तसे काही नसते. काहीही पेरा, काय उगवले ते तज्ज्ञ सांगतील. ज्यांना भूक लागली आहे त्यांनी मध्ये बोलू नये.