अप्पांचा चिनी डिंक

डॉक्टर अप्पा जोगळेकर कुणाला भेटले की नमस्कार म्हणायचे नाहीत, हात मिळवायचे नाहीत. अंगठा पुढे करायचे, समोरच्याची खालची पापणी ओढायचे, आत डोकावायचे आणि निकाल द्यायचे. "फिकट!"

माझा निकाल लागला तो एजवेअरमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये, मंडळाच्या गणपतीत. लग्न होऊन लंडनला आले त्याला जेमतेम महिना झाला होता. अंगावर पैठणी, हातात हिरवा चुडा, आणि एक उंच, टकलू गृहस्थ डाव्या हातातली वड्यांची डिश सांभाळत उजव्या अंगठ्यानं माझी पापणी खाली ओढतोय! मी किंचाळायच्या बेतात होते. नवरा कानात पुटपुटला, "घाबरू नकोस. अप्पा आहेत. आमच्या हॉस्पिटलचे रक्ताचे डॉक्टर." तोवर अप्पा मला सोडून कौन्सिलतर्फे आलेल्या गोऱ्या पाहुण्या बाईंकडे वळले होते. "व्हेरी पेल," त्यांनी बाईंना सांगितलं. बाई "थँक यू" म्हणाल्या.

माझं हिमोग्लोबिन खरंच कमी निघालं, हे त्यातलं सगळ्यात चीड आणणारं. अप्पांचा अंगठा सहसा चुकायचा नाही. दूधवाला, पोस्टमन, कोपऱ्यावरच्या चर्चचा पाद्री, सगळ्यांच्या पापण्या त्यांनी ओढल्या होत्या. एका बस कंडक्टरनं त्यांना याच कारणावरून बसमधून उतरवलं होतं. पुढे तोच कंडक्टर त्यांच्या क्लिनिकमध्ये पेशंट म्हणून बसलेला असायचा.

अप्पांचा दुसरा मंत्र म्हणजे "एव्हिडन्स कुठाय?" मंडळातल्या बायकांनी रक्तवाढीसाठी काही घरगुती सुचवायचा अवकाश, की हे पिसाळलेच. कुणी बिटाचा रस म्हटला तर, "बिटानं लाल होतं ते फक्त टॉयलेट!" कुणी तांब्याच्या भांड्यातलं पाणी म्हटलं तर, "मग पाईपच चोखा की, तांब्याचा आहे!" जिभेला हाड नाही ते नाहीच. पण रात्री-अपरात्री कुणाचं मूल तापलं की पहिला फोन त्यांनाच जायचा.

त्यांची बायको नलूकाकू. चणीनं अप्पांच्या खांद्याएवढी, पण घरात कायदा तिचा. कायदा असा, की कुठलीही वस्तू लेबल वाचल्याशिवाय आत यायची नाही. सुपरमार्केटमध्ये पर्समधून भिंग काढून ती एकेका पाकिटाची चौकशी करायची. जेली, मार्शमॅलो, दिसायला गरीब असं दही, सगळ्यांत तिला जिलेटिन सापडायचं. "जिलेटिन म्हणजे हाडं आणि कातडी, वासंती. वरून साखर लावली म्हणून काय झालं?" आम्ही नव्या मुली बिस्किटांचे पुडे घेऊन तिच्याकडे निवाड्याला जायचो. अप्पा हॉस्पिटलच्या कँटीनमध्येसुद्धा नुसते बटाटे खायचे. तिथे नलूकाकू नव्हती, तरी.

आता गाढवाकडे येते.

अप्पांच्या वॉर्डची सिस्टर चॅन मूळची हाँगकाँगची. तीही अप्पांसारखीच हट्टी, त्यामुळे दोघांचं चांगलं जमायचं. एकदा सुट्टीहून परतताना तिनं अप्पांसाठी एक खोका आणला. आत काळ्या, चकचकीत, चॉकलेटसारख्या लाद्या. हसायच्या आधी निदान बघा तरी, म्हणाली. अप्पा त्यातली एक घेऊन तडक आमच्या घरी आले आणि ती त्यांनी जेवणाच्या टेबलावर आपटली.

"ओळख हे काय आहे! गाढवाचं कातडं! दिवसेंदिवस उकळायचं, आटवायचं, लाद्या पाडायच्या. आपले सुतार लाकूड चिकटवायला सरस वापरतात ना, त्याचाच हा भाऊ. आणि म्हणे बाळंतिणीला द्या, रक्त वाढतं! एव्हिडन्स कुठाय?" हसून हसून त्यांची मुरकुंडी वळली. चहा पिऊन ते गेले आणि लादी टेबलावरच राहिली.

मी तेव्हा नुकतीच बाळंत झाले होते, आणि पुण्याहून सासूबाई आल्या होत्या. अप्पांचं व्याख्यान चाललं होतं तेव्हा त्या वर बाळाला न्हाऊ घालत होत्या. पुढे दोनेक दिवसांनी त्यांनी डिंकाचे लाडू करायला घेतले. डिंक कमी पडला. समोर ही लादी. सुनेनं चिनी दुकानातून डिंक आणून ठेवलाय, अशी त्यांची समजूत झाली. बत्त्यानं फोडली आणि साजूक तुपात टाकली. मेली फुललीसुद्धा, अगदी डिंकासारखी. "छान फुलतोय हो," सासूबाई म्हणाल्या, "पण वास जरा परदेशी आहे."

नेमके त्याच वेळी अप्पा माझी पापणी बघायला आले. दारातूनच ओरडले, "अहो, थांबा! गाढव आहे ते!"

सासूबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. उभ्या आयुष्यात त्यांच्यासमोर हा शब्द काढायची कुणाची छाती झाली नव्हती. झारा घेऊन त्या अप्पांच्या अंगावर गेल्या. समजूत पटेपर्यंत चहा दोनदा झाला. कढई बाहेर बिनमध्ये गेली. संध्याकाळी नलूकाकू गंगाजलाचा गडू घेऊन आली आणि तिनं माझा ओटा, कुकर आणि संशय म्हणून फ्रीजसुद्धा शिंपडून काढला. ही गोष्ट अप्पा पुढे प्रत्येक दिवाळीच्या कार्यक्रमात सांगायचे, आणि दर वर्षी सासूबाईंचा झारा वीतभर लांब व्हायचा.

मग बरीच वर्षं गेली. माझी मुलगी शाळेत जाऊ लागली. आणि एका हिवाळ्यात नलूकाकू जिना चढताना धापा टाकू लागली, हातापायांवर निळे डाग दिसू लागले. तपासणी झाली. हाडांच्या आतली मज्जा रक्त तयार करते. नलूकाकूच्या मज्जेनं ते काम जवळजवळ सोडूनच दिलं होतं. या वयात मोठे उपचार झेपणार नव्हते. थोड्या थोड्या दिवसांनी बाहेरून रक्त चढवायचं, आणि पोटात अन्न जाऊन जेवढी ताकद टिकेल तेवढी टिकवायची. हे सगळं अप्पांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तेच आयुष्यभर दुसऱ्यांना समजावून सांगत आले होते.

"साऱ्या लंडनच्या पापण्या ओढल्या मी," ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, "आणि घरातली बघायची राहिली."

त्यानंतर त्यांनी कुणाची पापणी ओढली नाही. मंडळात आले तर हात खिशात घालून उभे राहायचे. मला ते बघवायचं नाही.

नलूकाकूनं खाणं सोडत आणलं. तोंड आलेलं, चव गेलेली. भात नको, वरण नको. मी केलेली पेज चमच्यानं ढवळत बसायची आणि माझं मन राखायला "छान झालीय गं" म्हणायची.

एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात अप्पा, हातात सिस्टर चॅनचा खोका.

"तुझ्या सासूबाई डिंकाचे लाडू कसे करतात?"

मी खोक्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं.

"सिस्टर म्हणते, त्यांच्याकडे यात तीळ, अक्रोड आणि खजूर घालतात. म्हणजे आपले लाडूच की ते." मग खाली बघत म्हणाले, "अडला हरी, वासंती."

पुढचं बोलायची गरज नव्हती. मी बाजूला झाले आणि त्यांना स्वयंपाकघरात घेतलं.

या माणसानं जन्मात चहासुद्धा केला नव्हता. लादी दारूत विरघळवायची असते, असं सिस्टरनं सांगितलं होतं. चिनी दारू मिळेना म्हणून अप्पांनी ख्रिसमसच्या रॅफलमध्ये लागलेली शेरी आणली होती. गाढव आणि दारू एकाच पातेल्यात! सासूबाई पुण्यात होत्या हे त्यांचं नशीब. वास असा सुटला, की शेजारची मॉरीन येऊन आमचं ड्रेन तुंबलंय का विचारून गेली. अप्पांनी तीळ करपवले, बोटं भाजून घेतली, पण कालथा माझ्या हातात दिला नाही.

मला राहवेना. म्हटलं, "अप्पा, एव्हिडन्स?"

"ढवळू दे गं मला," ते म्हणाले. पातेल्यावरून नजर काढली नाही. मला माझाच राग आला.

गाडीत आमचं ठरलं. लाडू मी केलेत म्हणायचं आणि काळं दिसतंय तो डिंक. अप्पांनी हे वाक्य वाटेत दोन-तीनदा घोकलं.

नलूकाकू खिडकीशी शाल पांघरून बसली होती. तिनं लाडू हातात घेतला, वास घेतला आणि तीस वर्षं प्रत्येक पाकिटाला विचारलेला प्रश्न विचारला. "यात काय काय आहे?"

"तीळ," अप्पा म्हणाले. "अक्रोड. खजूर. गूळ..."

मी 'डिंक' या शब्दाची वाट बघत होते.

"आणि गाढव," ते म्हणाले.

नलूकाकूनं लाडू पुन्हा फिरवून बघितला.

"म्हणजे त्या सिस्टरचं?"

"हो."

"यानं रक्त वाढतं?"

"नाही, नलू. तसा काही एव्हिडन्स नाही."

"अहो, मग केलेत कशाला?"

"तुला द्यायला माझ्याकडे दुसरं काही उरलेलं नाही गं," ते म्हणाले.

नलूकाकूनं त्यांच्या भाजलेल्या बोटांकडे पाहिलं. मग लाडवाकडे. "पदरी पडलं, पवित्र झालं," ती म्हणाली आणि तिनं एक घास तोडला. तोंड आल्यामुळे तिला चावायला फार वेळ लागत होता. घास गिळून झाल्यावर तिनं उरलेल्याचे दोन भाग केले.

"बसा इथे. तुम्हीही घ्या. पाप एकटीनं कशाला करू मी?"

अप्पा तिच्या खुर्चीशी स्टूल ओढून बसले आणि त्यांनी हात पुढे केला. दोघं शेजारी शेजारी गाढव खात बसली. मी चहा टाकायच्या निमित्तानं आत गेले आणि नळ मोठा सोडून पोटभर रडले.

नळ बंद केला तेव्हा बाहेरून नलूकाकूचा आवाज आला. "तीळ करपलेत हं."

"हो गं," अप्पा म्हणाले. "उद्या नीट भाजतो."