पारा थांबू द्या

'प्रकल्पातील नावीन्य' या रकान्यात निखाडे मॅडमनी लिहिलं होतं, "काहीच नाही. ऊन जुनंच आहे." त्याखाली 'प्रकल्पापुढील जोखीम'. तिथं एकच शब्द. "हेडमास्तर."

अर्ज हेडमास्तरांच्याच सहीनं पुढं जायचा होता. त्यांनी तो न वाचता सही केली, म्हणून निभावलं.

महाल भागातली आमची महानगरपालिकेची शाळा. मी मराठी शिकवतो, निखाडे मॅडम भूगोल. रामदासपेठेतली एक संस्था शिक्षकांच्या नव्या कल्पनांना अनुदान देते असं कळलं, तेव्हा मॅडमनी चाळीस थर्मामीटर मागितले. नववीच्या प्रत्येक पोरानं एक घरी न्यायचा, भिंतीला टांगायचा आणि दुपारी दोनचा आकडा वहीत लिहायचा. कोणाचं घर किती तापतं आणि काहून तापतं, याचा नकाशा वर्गानं काढायचा.

"मॅडम, या लोकांना टॅब, रोबो असलं काही आवडते," मी म्हटलं.

"रोबोले घाम येते का, सर?"

मी घरातला पहिला ग्रॅज्युएट. शिष्यवृत्तीचे फॉर्म मीच भरायचो, बाप अंगठा द्यायचा. 'कारण' या शब्दापुढे 'गरिबी' लिहायचं आणि तेही वळणदार अक्षरात, हे मला पाचवीतच जमलं होतं. रकाना रिकामा ठेवायचा नाही, उलटं उत्तर द्यायचं नाही. म्हणून मी मॅडमचा अर्ज गुपचूप सुधारला. 'सर्वांगीण' घातलं, 'वंचित' घातलं. त्यांनी सगळं खोडलं. 'वंचित'वर पेन असं दाबलं की कागद फाटला.

"माये पोट्टे वंचित नाही, सर. तापून राहिले. फरक आहे."

थर्मामीटर लावल्यावर दहा मिनिटं कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही, हा मॅडमचा नियम. शाळेत एकच जुना थर्मामीटर होता, त्याच्यावर वर्षानुवर्षं हा नियम पाळता पाळता तो त्यांनी सगळ्या जगाला लावून टाकला. स्टाफरूममध्ये भांडण पेटलं की, "पारा थांबू द्या." हेडमास्तर टेबल आपटायला लागले की, "आपटा सर, पण पारा थांबू द्या." शिपायाच्या पोरीला स्थळ आलं, तो पेढे घेऊन आला, तर त्यालाही तेच. पेढा मात्र लगेच खाल्ला.

एप्रिलात सकाळच्या शाळेत संस्थेचे साहेब आणि एक ताई पाहणीला आले. बरोबर बॅनर. ताई म्हणाल्या, "फोटोला गणवेश नको. मुलांना घरचे कपडे घालू द्या. गरज दिसायला हवी ना."

हेडमास्तरांनी मान डोलावली. मी जमिनीकडे पाहिलं. फॉर्मवरचं माझं ते वळणदार अक्षर मला आठवलं.

"गरज पाहाची आहे?" मॅडम म्हणाल्या. "मंग दोन वाजता या."

"दोन वाजता? केवढं ऊन असतं..."

"त्याच्यासाठीच त मागून राहिलो आपण!"

आले बिचारे. मॅडमनी त्यांना वर्गातल्या पायलच्या घरी नेलं. एक खोली, वर टीन. पायल इस्त्रीचा गणवेश घालून, वही मांडीवर घेऊन ताठ बसलेली. मॅडमनी शाळेतला तो जुना थर्मामीटर भिंतीला टांगला, साहेबांना खाटेवर बसवलं आणि म्हणाल्या, "आता दहा मिनिटं चूप."

साहेबांचा शर्ट पाठीला चिकटला. ताई बॅनरची घडी करून वारा घ्यायला लागल्या.

"पायल, किती वं?"

"सेहेचाळीस, मॅडम."

"साहेब, तुम्ही पण वाचा. चष्मा लावून वाचा."

साहेबांनी वाचलं. पायलच्या आईनं माठातलं पाणी दिलं, ते दोन गिलास प्याले. फोटोचं कोणालाच आठवलं नाही. आठवड्यात थर्मामीटर आले.

मे महिन्यात संस्थेनं समापन अहवाल मागितला. साहित्य शाळेत जमा, प्रकल्प पूर्ण, खाली शिक्षकाची सही. त्याशिवाय पुढच्या नववीला अनुदान नाही. मॅडम फोनवर "सही करत नाही" एवढंच म्हणाल्या. म्हणून हेडमास्तरांनी मला मनीषनगरला त्यांच्या फ्लॅटवर पाठवलं. अहवाल मी भरूनच नेला होता.

टेबलावर एकच ताट, झाकलेलं. भिंतीवर चाळीस नावांचा तक्ता. मी बोलायला गेलो तर त्यांनी हात वर केला. दोन वाजले आणि मोबाईल वाजला.

"मॅडम, पंचेचाळीस."

"लिहिलं. पाणी पेली का वं? आजीले पाजलं? दारावर ओलं पोतं टाक."

ठेवला की दुसरा. आकडा एका शब्दाचा, पाण्याची चौकशी लांबलचक. तीन वाजून गेले. एकोणचाळीस आकडे झाले.

"मॅडम, जेवून घ्या ना."

"पायलचा नाही आला."

आला. ती मामाकडे गेली होती, थर्मामीटर पिशवीत घालून. मग मॅडमनी ताट उघडलं. पोळी वाळली होती.

"थर्मामीटर जमा केले," माझ्याकडे न पाहता त्या म्हणाल्या, "त पोट्टे मले फोन काहून करतीन?"

तक्त्याशेजारी शाळेतला जुना थर्मामीटर टांगलेला होता. मी विचारलं, "तुमच्या घरी किती?"

"ते कोण इचारते, सर," म्हणत त्यांनी घास मोडला.

मी अहवाल उघडला. 'समाप्तीचा दिनांक' माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलेला होता. तो खोडला आणि वर लिहिलं, "प्रकल्प सुरू आहे." आयुष्यात पहिल्यांदा मी खाडाखोड केलेला फॉर्म दिला. संस्थेला चालत नसेल तर त्यांनी दोन वाजता यावं.

दुसऱ्या दिवशी दोनला पाच कमी असताना, पोरांच्या आधी, मी फोन लावला.

"मॅडम, तुमच्याकडे किती?"

पलीकडे खुर्ची सरकली, चपला भिंतीपर्यंत गेल्या.

"थांब ना गा," त्या म्हणाल्या. मला कधीच 'अरे-तुरे' न करणाऱ्या मॅडम. "पारा थांबू दे."